अडीच हात

पेवाचं तोंड उघडलं की आधी कंदील सोडायचा, मग माणूस. कंदील विझला तर माणसानं वरच बसून विडी ओढायची.

*

भिंतीपासून दोन हात. थप्पी-थप्पीत अडीच हात. पोत्यांखाली फळ्या. नकाशाच्या डाव्या कोपऱ्यात असं लिहिलेलं आहे आणि त्यावर चहाचा डाग आहे.

*

जब्बारचा डावा गुडघा दुपारनंतर वाकत नाही.

*

पोत्याचं तोंड शिवायला चौदा टाके. सोळा घातले तर सुतळी पुरत नाही, बारा घातले तर ज्वारी पुरत नाही.

*

अमीनाबीची मांजर आषाढापासून खाली उतरलेली नाही.

*

रुईच्या गाठी दाबायचं यंत्र विकलं गेलं तेव्हा त्याच्या जागी जमिनीत चार भोकं उरली. त्यांत उंदीर राहतात.

*

हे सगळं एकाच पत्र्याखालचं आहे. वाशीमच्या टेसनापासून हाकेच्या अंतरावर कापसातली सरकी काढायचं एक बंद पडलेलं जिन होतं. त्यात गाठी ठेवायची एक शेड होती, नव्वद फूट लांब, चाळीस फूट रुंद, लांबीच्या मधोमध एकच दार. लढाईच्या पाचव्या साली सरकारनं ती धान्य भरायला घेतली. गावागावातून लेव्हीची, म्हणजे सरकारनं सक्तीनं घेतलेली, ज्वारी यायची होती. अनसिंगची, रिठदची, किन्हीराजाची, आणखी कुठकुठची. ती इथं रचायची, अकोल्याहून हुकूम आला की मालगाडीच्या डब्यात चढवायची, आणि उरेल ती पावसाळा सरताना त्याच गावांना दुकानावर परत द्यायची.

कागदावर आकडा होता छप्पन्नशे पोत्यांचा. पोती कशी रचायची त्याच्या सरकारी नकाशाप्रमाणे शेडमध्ये मावत होती एकेचाळीसशे.

उरलेली पंधराशे कुठं ठेवायची हे नकाशात नव्हतं.

दार

गोदामाचे बाबू गोविंदसिंग हे चाळिशीचे गृहस्थ होते. त्यांना हिवतापानं धरलं होतं. एक दिवसाआड ताप, ताप नसेल त्या दिवशी नकाशा. तो त्यांनी उभा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला, शेडमध्ये पावलं टाकून मोजून पाहिला. पंधराशे पोती कुठंच बसेनात. कुणीतरी त्यांना सांगितलं की अनसिंगला जानराव म्हणून एक माणूस आहे, त्याला बोलवा. दाणा कसा भरायचा ते त्याच्याइतकं चाळीस गावात कुणाला कळत नाही.

ते खरंच होतं. जानरावचा धंदा पेव भरण्याचा. गावच्या पांढरीत, उंचवट्यावर, माणूस उभा राहील एवढा खोल खड्डा खणायचा, आतून कडब्यानं मढवायचा, ज्वारी ओतायची, पायानं दाबत दाबत तोंडापर्यंत आणायची, वर कुटार, म्हणजे धान्याचा भुसा, वर दगड, वर शेणमाती. मग विसरून जायचं. दोन वर्षांनी, चार वर्षांनी, जेव्हा पीक हात देत नाही तेव्हा उघडायचं. जानराव रिकाम्या पेवात नुसता उतरून सांगायचा की यात किती खंडी बसेल, आणि एक पायलीसुद्धा चुकायचा नाही. बापानं शिकवलं, बापाला त्याच्या बापानं.

पण लेव्ही सुरू झाल्यापासून पेवात घालायला कुणाकडं काही उरेना. दोन वर्षं जानरावला कुणी बोलावलं नव्हतं. साठीला टेकलेला माणूस, ओसरीवर बसून पेवात उतरायची दोरखंडं वळायचा आणि ती कुणाला द्यायचा नाही.

गोविंदसिंगांचा शिपाई आला तेव्हा तो उठला, पटका बांधला आणि तुळसाबाईला, म्हणजे बायकोला, परत कधी येतो ते न सांगताच निघाला.

नकाशा त्याला वाचता येत नव्हता, पण रेघा कळत होत्या. चौकोन म्हणजे थप्प्या. त्यानं चौकोनांमधल्या पांढऱ्या पट्ट्यावर बोट ठेवलं आणि यात काय भरता म्हणून विचारलं. बाबू म्हणाले, काही नाही, ती गल्ली, वारा खेळायला. जानराव हसला. कित्येक दिवसांत हसला नव्हता. जन्मभर ज्या वाऱ्याला त्यानं दाण्यापासून दूर ठेवलं होतं, त्याच्यासाठी सरकारनं तिसरा हिस्सा शेड राखून ठेवली होती.

"बाबूजी, दान्याले वारा लागला का किडा पडते," तो म्हणाला. "वाराच नसन तं किडा जगन कायच्यावर?"

गोविंदसिंगांना त्या दिवशी ताप होता. त्यांनी नकाशाची घडी केली.

भिंत

फाल्गुनात ज्वारीच्या बैलबंड्या यायला लागल्या त्या वैशाख संपेपर्यंत येतच होत्या. पोती वाहायला जब्बारची टोळी होती, अकरा माणसं. जब्बार आधी याच जिनात गाठी उचलायचा. जिन बंद पडलं, मालक गेला, यंत्र गेलं, जब्बार तेवढा राहिला. पन्नाशीचा, उंच, कमी बोलणारा. बोलला तर ऐकणाऱ्याला हसावं की गप्प बसावं ते कळायचं नाही.

रचायचं कसं ते जानराव सांगायचा. भिंतीला कडबा लावून घेतला. त्याला चिकटून पहिली रांग. एक थर उभा, एक थर आडवा, पोत्याची तोंडं आतल्या बाजूला, बारा थरांची उंची. दोन पोत्यांत फट राहिली तर तीत कुटार आणि कडुनिंबाचा पाला कोंबायचा. तो प्रत्येक पोत्याजवळ उभा राहायचा. हातानं दाबून बघायचा, बोट आत गेलं तर पोतं काढायला लावायचा. हमाल वैतागायचे. अडीच मणाचं पोतं पाठीवरून उतरवल्यावर ते पुन्हा पाठीवर घ्यायला सांगणारा माणूस कुणाला आवडत नाही. जब्बार एकदा म्हणाला की जानरावभाऊले कबर रचायले बोलवा, मुडदा हालनार नाही. जानरावला ते बोलणं मनापासून आवडलं.

वैशाखाच्या शेवटी शेड अशी दिसत होती:

१ २ ३
४ ५ ६
७ ८ ९
दार

नऊ थप्प्या म्हणायच्या, पण मधे रेघ अशी नव्हतीच. कुठं रिठद संपलं आणि कुठं किन्हीराजा सुरू झालं ते जब्बारनं पोत्यांवर गेरूनं काढलेल्या खुणांवरूनच कळायचं. अनसिंगची ज्वारी पाच नंबरला, ऐन मधोमध आली. जानरावनं ती मुद्दाम तिथं लावली होती. पेवात सगळ्यांत चांगला दाणा मधलाच असतो.

छप्पन्नशे पोती बसली. वर वीस पोत्यांची जागा उरली.

अकोल्याचे साहेब पाहायला आले. थप्पीवर हात आपटून पाहिला, टोपी काढली, रुमालानं मान पुसली. म्हणाले की येत्या सालापासून कारंजा, रिसोड, अकोला, सगळीकडची गोदामं अशीच भरायची आणि या म्हाताऱ्याला तिथं शिकवायला न्यायचं. मग त्यांनी जानरावच्या खांद्यावर हात ठेवला. गोविंदसिंगांनी तसा रिपोर्ट लिहिला आणि सही केली. जानराव अनसिंगला गेला तेव्हा त्यानं तुळसाबाईला यातलं फारसं काही सांगितलं नाही. पण ओसरीवरची दोरखंडं त्यानं गावातल्या लोकांना वाटून टाकली.

मधोमध

पावसाळा लागला आणि पत्र्याखाली एक वास राहायला आला.

अकोल्याचा हुकूम आला की दारासमोरचं आठ नंबर निघायचं. ते रिकामं होतं न होतं तोच मागं राहिलेल्या बंड्या यायच्या आणि नवी ज्वारी तिथंच लागायची. दाराशी जे असेल ते जायचं, दाराशीच नवं यायचं. मागचं मागंच. दार मात्र रोज उघडायचं. पोत्यासाठी, झाडण्यासाठी, साहेबाच्या शिपायासाठी, कधी नुसतं आत मांजर आहे का ते पाहायला.

मांजर अमीनाबीची. अमीनाबी ही शेड झाडायची, सांडलेला दाणा गोळा करून पाखडायची. जब्बारच्या नात्यातली होती, पण टोळीतल्या कुणालाच ती जुमानायची नाही. उंदीर वाढले म्हणून तिनं मांजर आणली. चार दिवस मांजरीनं काम केलं. आषाढात ती थप्प्यांवर चढली आणि पाच नंबरच्या डोक्यावर जाऊन बसली ती बसलीच. खाली भोकांतून उंदीर वरातीसारखे निघायचे आणि ती वरून पाहायची. अमीनाबी वाटी वाजवायची, शिव्या द्यायची. जब्बार म्हणायचा, तिचं सासर तिथं हाय, येनार नाही.

वासाचं जानरावनं सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. हा पेवाचा वास. बंद दाण्याला येतोच. टोळीतल्या सगळ्यांनी लहानपणी पेवातली ज्वारी खाल्ली होती, आंबूस भाकरी सगळ्यांच्या जिभेवर होती. वऱ्हाडातल्या माणसाला त्या वासाची भीती वाटत नाही. उलट घर आठवतं. कुणीही पुढं विचारलं नाही.

श्रावणातल्या एका सकाळी, झड लागलेली असताना, सगळे पोती पांघरून बसले होते. अमीनाबीनं जानरावला साधंच विचारलं.

"जानरावभाऊ, खाली एवढा गारठा हाय. तिले वर थंडी नाही वाजत काय?"

जानरावनं मान वर करून मांजरीकडं पाहिलं. थोड्या वेळानं तो शिडी लावून वर चढला. बाराव्या थरावर, पत्र्याखाली वाकून, गुडघ्यांवर रांगत पाच नंबरपर्यंत गेला. मांजर उठली नाही. त्यानं तिच्या शेजारी दोन पोत्यांच्या मधे हात घातला. कुटार ओलसर लागलं. कोपरापर्यंत घातला, मग खांद्यापर्यंत.

उकिरड्यात हात घातल्यासारखं लागलं.

तो तिथंच बराच वेळ पडून राहिला. पत्र्यावर पाऊस वाजत होता. पेवातही ऊब असते, असं त्यानं स्वतःला सांगितलं. बापानं पेवात उतरवलं तेव्हा पायांना ऊब लागली होती, हे त्याला आठवत होतं. पण हाताला घाम आला होता आणि तो त्याच्या हाताचा नव्हता.

खाली उतरून त्यानं जब्बारला काही सांगितलं नाही. दोन दिवस तो वर चढला नाही. पाय दुखतात म्हणाला. तेही खोटं नव्हतं. तिसऱ्या दिवशी पोत्यात खुपसून दाणे काढायची लोखंडी परखी घेऊन गेला, पाच नंबरातून ओंजळभर ज्वारी काढली, पटक्याच्या टोकाला बांधली आणि गाडीनं अनसिंगला गेला.

तुळसाबाई चुलीपाशी होती. त्यानं गाठ सोडून ज्वारी तिच्यापुढं ठेवली आणि ही कशी आहे ते सांग म्हणाला. कुठली ते सांगितलं नाही. तिनं दाणे हातात घेतले, त्यांच्यावर तोंडातली वाफ सोडली आणि मग वास घेतला. एक दाणा दातानं फोडला. उरलेले तांब्यातल्या पाण्यात टाकले. अर्धे तरंगले.

"पेवातली हाय म्हनतो मी," जानराव म्हणाला.

"नाई," तुळसाबाई म्हणाली. तिनं तांब्या अंगणात रिता केला. "तीस वर्सं पेवाची दळली म्या. तिचा वास दुसरा. ती आंबते अन् थांबते. हे थांबून नाही राह्यलं."

मग चुलीत काडी सारताना, त्याच्याकडं न पाहता, ती म्हणाली, "पेव एकदाच उघडतेत. तुमचं दार तं रोज उघडते."

जानराव भिंतीला टेकून बसला. एवढंच होतं. कडबा बरोबर होता, पाला बरोबर होता, हात बरोबर होते. त्यानं पोत्यांचं पेव केलं होतं आणि त्याला दार ठेवलं होतं. वारा पूर्ण बंदही नव्हता आणि पूर्ण मोकळाही नव्हता. ओला वारा रोज थोडा आत जायचा आणि बाहेर यायला त्याला वाट नव्हती. आणखी वाईट म्हणजे पेव उघडलं की एका दिवसात रितं करतात. इथं पाच नंबरला हात लावायचा तर आधी आठ नंबर काढायचं. आठ नंबर काढायचं तर ठेवायला शेडमध्ये हातभर जागा नाही. ती त्यानंच उरू दिली नव्हती.

तुळसाबाईनं भाकर वाढली. तो जेवला.

बाहेर

गोविंदसिंग घोंगडी पांघरून खुर्चीत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत. रागवायला अंगात काही लागतं, ते त्यांच्या अंगात उरलं नव्हतं. म्हणाले की जानराव, थोडं थांबा. महिनाभरात डबे येतील, आठ नंबर आपोआप जाईल. मग पाच नंबरही त्याच गाडीनं लांबच्या जिल्ह्यात काढून देऊ. तिकडं उतरवून घेणारे बघतील. इथं काही झालंच नाही.

"तिकडंबी कोनाची तुळसाबाई असनच," जानराव म्हणाला.

बाबूंना तुळसाबाई कोण ते माहीत नव्हतं. तरी त्यांनी नजर खाली वळवली. टेबलावर नकाशा होता, चहाचा डाग होता. शेवटी म्हणाले, "मी सही केलीय, जानराव. साहेबानं दुसरीकडं तसे हुकूम काढलेत."

जानराव उभाच राहिला. बाहेर कुणीतरी घंटा दिली, गाडी सुटली. बाबूंनी डोळे मिटून सांगितलं की पाऊस उघडला तर काढा पाच नंबर बाहेर. जादा माणूस मिळणार नाही, ताडपत्री मिळणार नाही, कागदावर मी काही घेणार नाही.

राहिला जब्बार.

टोळी दुपारची बसली होती. जब्बार धोतर वर सारून गुडघ्याला करडीचं तेल चोळत होता. जानराव त्याच्यासमोर उकिडवा बसला आणि त्यानं पाच नंबरचं सगळं सांगितलं. ऊब, ओलं कुटार, तांब्यात तरंगलेले दाणे. सांगताना तो जब्बारच्या गुडघ्याकडेच पाहत होता. जब्बार तेल चोळत राहिला. बाकीचे दहा जण एकेक करून बोलायचे थांबले.

"म्हंजे आठ नंबर बाहेर," जब्बार म्हणाला. "मंग पाच नंबर बाहेर. मंग दोन्ही परत आत. बाराशे पोती, हरेक दोनदा."

"हो."

"गुडघ्याले विचारतो. तो काय म्हन्ते पाहू."

जानराव म्हणाला, "जब्बारभाई, चूक पोत्याची नाही. पान्याची नाही. माही हाय."

"ते मले ठाव हाय," जब्बार म्हणाला. तेलाची वाटी त्यानं बाजूला सरकवली. "तुमी कवा म्हन्ता तेवढीच वाट पाहून राह्यलो होतो."

भादव्यात चार दिवसांची उघाड मिळाली. पहिल्या दिवशी आठ नंबर जिनाच्या फरसबंदी ओट्यावर आलं. तिथं पूर्वी कापूस पसरायचे. दारापासून ओट्यापर्यंत अठ्ठ्याहत्तर पावलं. जानरावनं ती मोजली, कारण दुसरं काही करण्यासारखं त्याला सुचत नव्हतं. मग त्यानं पटका कमरेला बांधला आणि स्वतः पोत्याखाली पाठ दिली. पहिल्या पोत्याला जब्बारनं त्याला उभं करून दिलं. विसाव्या पोत्याला त्याला आपली पाठ वेगळी अशी जाणवेना. संध्याकाळी अमीनाबीनं त्याच्यापुढं चहा ठेवला. पेला उचलायला त्याची बोटं मिटेनात, म्हणून त्यानं तो दोन्ही तळहातांत धरून प्यायला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाच नंबरला हात लागला. वरचे तीन थर कोमट. चौथ्या थराला वाफ निघाली. दाराचा उजेड तिथपर्यंत यायचा, त्यात ती स्पष्ट दिसली, चुलीवरच्या आधणासारखी. पाचव्या थराचं पोतं उचललं तर ताग हातात आला आणि ज्वारी जागेवरच राहिली, पोत्याच्या आकाराची, काळी, गच्च. तिला पांढरे कोंब होते आणि ते सगळे एकाच बाजूला, दाराकडं, वळलेले होते.

हमालांनी तोंडाला फडकी बांधली. पोतं, अठ्ठ्याहत्तर पावलं, पोतं. सडलेलं जिनाच्या मागं ओढ्यात टाकायचं होतं, ती पावलं आणखी जास्त होती, ती जानरावनं मोजली नाहीत. गुरं तिथं आली, वास घेतला आणि परत गेली. मांजर एकदा चार नंबरवर जाऊन बसली, मग सहा नंबरवर, आणि तिसऱ्या दिवशी कुणी न बोलावता खाली उतरली. त्या दिवशी तिनं दोन उंदीर धरले. अमीनाबीनं ते सगळ्यांना दाखवले, पण पाहायला मान वर करणारं कुणी नव्हतं.

पाच नंबरात सहाशेवीस पोती होती. दोनशेचाळीस गेली. उरलेली ज्वारी ओट्यावर पसरली. अमीनाबी आणि आणखी दोघी दिवसभर तीतून पाय ओढत चालायच्या, दाणा खालवर व्हावा म्हणून. चौथ्या दिवशी आभाळ भरून यायला लागलं तेव्हा ती हाताला कोरडी लागत होती. जानरावनं दाणा दातानं फोडला. मग दुसरा. मग तिसरा. त्याला आपल्या दातांचा भरवसा वाटेना. त्यानं जब्बारला एक फोडायला दिला.

परत आत

आत रचायच्या आधी जानरावनं करवंटीत चुना घेतला. दाराच्या डाव्या कडेपासून मागच्या भिंतीपर्यंत, चाळीस फूट, दोन रेघा ओढायच्या होत्या; त्यासाठी दोन नंबरची कडही काढून घेतली होती. गेलेल्या पोत्यांची जेवढी जागा तेवढीच गल्ली. तो वाकून हातानं मापत गेला, कोपरापासून बोटापर्यंत, कोपरापासून बोटापर्यंत. थप्प्या कशाही सरकवल्या तरी पावणेदोन हातांच्या वर जाईना.

१ | २ ३
४ | ५ ६
७ | ८ ९
दार

जब्बारनं पाठीवर पोतं घेतलं आणि गल्लीत शिरला. सरळ गेला तर पोतं दोन्हीकडं घासायचं, म्हणून तिरपा झाला. एक खांदा पुढं, एक खांदा मागं, डावा पाय ओढत तो मागच्या भिंतीपर्यंत गेला आणि तसाच परत आला.

"बकरी आरामात जाईन," तो म्हणाला.

पुढं त्या शेडमध्ये जब्बार तिरपाच चालला. बाहेर मोकळ्यावर चालतानाही त्याचा एक खांदा पुढं असायचा, पण तो बहुतेक गुडघ्यामुळं.

सर्वपित्रीच्या सुमाराला गोविंदसिंगांनी जानरावला बोलावलं. ताप नव्हता, दाढी केलेली होती. त्यांनी एक कागद लिहिला होता. पत्रा गळल्यामुळं दोनशेचाळीस पोती खराब झाली, असं त्यात होतं. खाली जानरावचा अंगठा हवा होता. जानरावनं तो कागद वाचून दाखवायला सांगितला. ऐकून घेतला आणि म्हणाला की पत्रा गळला नाही. बाबूजी, असं लिहा की पेवाला दार नसतं आणि गोदामाला असतं, म्हणून गोदाम पेवासारखं भरू नये. कारंज्याला, रिसोडला, जिथं जिथं साहेबानं सांगितलं असेल तिथं कळवा. भिंतीपासून दोन हात. थप्पी-थप्पीत अडीच.

बाबूंनी पहिला कागद बाजूला सारला. मग कोरा कागद घेतला. लिहिताना ते दोनदा थांबले आणि दोन्ही वेळा जानरावनं तेच शब्द पुन्हा सांगितले, आवाज न चढवता. अंगठ्याच्या वर बाबूंनी आपली सही केली. ती पहिल्या रिपोर्टावरच्या सहीपेक्षा बारीक होती.

पत्र अकोल्याला गेलं. जानरावला पुन्हा कुणी बोलावलं नाही, वाशीमलाही नाही आणि कारंज्यालाही नाही. त्याचं त्याला फारसं काही वाटलं नाही. घरी गेल्यावर पहिले आठ दिवस तो नुसता झोपला. मग ओसरीवर बसून पुन्हा दोरखंड वळायला घेतलं.

आश्विनात अनसिंगच्या दुकानावर पाच नंबरची ज्वारी आली. तुळसाबाई रांगेत उभी राहिली, पदरात घेऊन आली, पाखडली, दळली, भाकरी केली. जानरावच्या ताटात भाकर पडली तेव्हा त्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं. तिनं तव्यावर दुसरी टाकली. वासाबद्दल ती काही बोलली नाही. तो जेवला, हात धुतला आणि तिथंच भिंतीला टेकून डोळे मिटले.

या सगळ्याच्या आधी, गेल्या फाल्गुनात, पहिली बंडी यायच्या आदल्या दिवशी, जब्बारनं शेडमध्ये चुन्यानं दोन रेघा ओढून ठेवल्या होत्या, दारापासून मागच्या भिंतीपर्यंत, अडीच हातांच्या अंतरावर. गाठींच्या वेळी आग लागली तर म्हणून एवढी गल्ली ठेवायचे. जानरावनं त्या पायानं पुसल्या होत्या.